यकृतावरचा ठिपका

“याआधी कधी पोटाचा स्कॅन झाला होता का तुमचा? दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात, दुसऱ्या गावात?” डॉक्टर पोस्टमांनी विचारलं, आणि हिल्के म्हणाली, “नाही.”

एवढंच झालं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, हिल्केच्या मुलापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या, आणि बातमी सांगताना माणसाच्या डोळ्यांकडे बघावं हे त्यांना कुणीतरी नीट शिकवलेलं होतं. पण ही धड वाईट बातमी नव्हती आणि चांगलीही नव्हती, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली होती. त्या कधी हिल्केकडे बघत, कधी पडद्यावरच्या करड्या चित्राकडे. बरगडीत दुखतं म्हणून स्कॅन काढला होता. बरगडी ठीक होती. पण यकृतावर एक ठिपका दिसत होता, अर्ध्या वाटाण्याएवढा, आणि तो कशाचा आहे हे सांगता येत नव्हतं. सुई घालून बघावं तर फार लहान. सोडून द्यावा तर हिल्केचा डावा स्तन गेल्या हिवाळ्यात काढलेला, आणि कशासाठी काढला हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत. “जन्मापासूनचाही असू शकतो. पुष्कळांना असतो, त्यांना पत्ताही नसतो. जुनं एखादं चित्र असतं ना, तर शेजारी ठेवून बघितलं असतं. तेव्हाही एवढाच असेल तर विषय मिटला. तेव्हा नसेल, तर निदान आपल्याला कळेल आणि कामाला लागता येईल. नाहीतर मग तीन महिने थांबायचं आणि पुन्हा स्कॅन.” हे सगळं समजावून झाल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला होता. म्हणजे प्रश्न कशासाठी आहे ते न कळल्यामुळे हिल्के चुकली, असं म्हणायलाही जागा उरली नव्हती.

“नाही” म्हटल्याबरोबर तिचे खांदे सैल पडले. इतके, की डाव्या काखेखालची ऑपरेशनची ओढ, जी झोपेतसुद्धा तिला सोडत नसे, ती क्षणभर जाणवेनाशी झाली. आधी तिला वाटलं, ही भीती असेल. माणूस घाबरला की खोटं बोलतो. पण भीतीने खांदे वर जातात, खाली येत नाहीत. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? वीस-बावीस वर्षं ती पोरांना पोहायला शिकवत होती. पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या पोराचे खांदे कानाला टेकतात, आणि पाय तळाला लागले की खाली येतात. तिचेही पाय कशाला तरी लागले होते. कशाला, ते तिला दवाखान्याच्या तळघरात सायकलचं कुलूप काढताना कळलं. आणखी तीन महिने. आणखी तीन महिने रूलोफ जाणार नाही.

रूलोफ तिचा नवरा. आत डॉक्टरांसमोर तो तिची पर्स मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि आता तीच पर्स त्याने आपल्या सायकलच्या पिशवीत ठेवली होती, कारण तिने खांद्याला ओझं लावायचं नाही असं फिजिओवाली म्हणाली होती. बाहेर वारा होता. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, इथली साखर बीटाची, त्यामुळे सगळ्या ख्रोनिंगेन शहरावर शिजलेल्या बीटांचा गोड, चिखलट वास पसरला होता. गेल्या हंगामात, केमोथेरपी चालू असताना, या वासाने तिला ओकाऱ्या होत. रूलोफने तेव्हा खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या, एकेक खिडकी, शिडीवर चढून, आणि कालवे-बांध सांभाळणाऱ्या पाणी मंडळाच्या आपल्या कचेरीत उशिरा पोचला होता. आताही तो तिच्या उजव्या बाजूने, वारा येत होता त्या बाजूने सायकल चालवत होता. आजारपणापासून त्याला ही सवय लागली होती. रस्ता वळला की तोही बाजू बदलायचा. त्याबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता.

“तीन महिने म्हणजे फेब्रुवारी,” तो म्हणाला.

“हं.”

“ठिपका. नुसता ठिपका म्हणाल्या त्या. गाठ नाही म्हणाल्या.” 

“ऐकलं मी.”

“वाटाण्याचं सूप करू आज? आलीच आहे थंडी.”

“कर,” ती म्हणाली, आणि तिला इतकं अपराधी वाटलं की तिने पायडल मारायचंच थांबवलं. तोही थांबला. दम लागला का, म्हणून विचारलं त्याने. हो म्हणाली. एकदा सुरुवात झाली की सोपं जातं.

जायचं म्हणजे कुठे जायचं, हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. गाठ हाताला लागली त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. शनिवार होता. रूलोफ धावायला गेला होता आणि फोन घरी विसरला होता. वाजत राहिला म्हणून हिल्केने घेतला. बोलणारी मुलगी उत्साहात होती. शहराच्या उत्तरेला एका माणसापुरता फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनी आहे, आणि श्रीयुत रूलोफ हामिंग यांचा नंबर लागला आहे. “अकरा वर्षं वाट पाहिलीत तुम्ही लोकांनी! नाही, म्हणजे त्यांनी. एकट्याच्या नावावर आहे अर्ज. गुरुवारी बघायला येतील का?” भाड्याच्या घरांच्या यादीत लोक वर्षानुवर्षं नाव घालून ठेवतात, कुणी मुलासाठी, कुणी आपलं असू दे म्हणून. पण नंबर लागायचा तर आधी आपण होऊन एखादं घर मागावं लागतं. हिल्के म्हणाली, “ते बाहेर गेलेत, संध्याकाळी करा.” फोन होता तिथे ठेवला. रूलोफ घामाघूम होऊन आला, अंघोळ केली, आणि तिने त्याला अंडी उकडून दिली. बाई वगैरे काही नव्हती. असती तर भांडता आलं असतं. त्यांच्यात काहीच बिघडलेलं नव्हतं, आणि बिघडण्याइतकंही काही राहिलेलं नव्हतं. जेवायला बसलं की चमच्यांचा आवाज यायचा. तो बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली. बुधवारी न्हाणीघरात साबण लावताना हाताला गाठ लागली. गुरुवारी फ्लॅट बघायला जाण्याऐवजी रूलोफ तिच्याबरोबर डॉक्टरकडे आला. आणि त्यानंतर एकदा, तपासणीचा निकाल आल्यावर, सायकलींच्या खोपटात त्याला फोनवर बोलताना तिने ऐकलं. “नाही, मला नको आता. बायको आजारी आहे. हो, जाऊ द्या पुढच्या माणसाला. हो, कळतंय मला.” बाहेर धुण्याच्या दोरीपाशी ती ओले टॉवेल धरून उभी होती.

त्या टॉवेलांचं वजन तिला अजून आठवतं. आधी मेले तरी बेहत्तर, पण याच्या उपकारावर जगणार नाही असं काहीतरी तिच्या मनात आलं. मग आत जाऊन तिने टॉवेल पुन्हा मशीनमध्ये टाकले, नुकतेच धुतलेले, आणि मशीन सुरू केलं. पुढे तर तो उपकार रोजचाच झाला, आणि माणसाला सवय कशाचीही होते. ऑपरेशनच्या जागेतून नळी बाहेर काढून बाटली लावलेली होती, ती तो रिकामी करायचा आणि किती भरली ते मोठ्याने वाचायचा, कालव्याच्या पाण्याची पातळी वाचावी तशा आवाजात. डोक्यावरचे केस त्याने काढले. जखम पहिल्यांदा त्याने बघितली, तिने नाही. तिने विचारलं, “कशी दिसते?” तर बराच वेळ बघून म्हणाला, “सरळ आहे.” ती हसली. हसताना टाके दुखले आणि तोही हसला, आणि कित्येक वर्षांनी त्या घरात दोन माणसं एकाच गोष्टीला हसली. तेव्हापासून हे असं झालं होतं. आजाराने तिला नवरा परत मिळाला होता. परत मिळाला म्हणण्यापेक्षा वापरायला मिळाला होता, मुदतीवर. आणि मुदत वाढवून घ्यायची संधी आल्याबरोबर तिने एका शब्दात वाढवून घेतली होती.

केमोच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई असायची, शाळेत जाणाऱ्या दोन मुलींची आई. तिचं सगळं अंग ताठ असे. नर्स आली की ती एकच म्हणायची, “वाईट असलं तरी चालेल, पण काय ते सांगा हो मला. हे माहीत नसणं नको.” सगळ्या बायका हेच म्हणत. देवाकडे, डॉक्टरांकडे, यंत्रांकडे सगळ्या हेच मागत. आणि हिल्केकडे ते मिळवायचा रस्ता होता, बऱ्यापैकी सरळ रस्ता, आणि ती तो दडवून बसली होती. का, तर नवऱ्याने सूप करावं म्हणून! स्वतःच्या मनात असं उघड वाक्य केलं की तिचे कान तापत.

कारण एम्डेनला, सीमेपलीकडे जर्मनीत, स्कॅन झाला होता. विसरण्यासारखी गोष्टच नव्हती ती. मुलगा येल्टे लहान होता, आल्त्ये म्हणजे रूलोफची आईही बरोबर होती, आणि ते सगळे बोर्कुम बेटावर सुट्टीला गेले होते. बांधावरच्या उतारावरून सायकल सुसाट सोडायची हौस हिल्केलाच. खाली वाळू होती. हँडल पोटात घुसलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि पुढचं म्हणजे बोटीचा डेक, कुणाचं तरी जाकीट डोक्याखाली, आणि रूलोफचा पांढराफटक चेहरा. एम्डेनच्या दवाखान्यात तिला त्या नळकांड्यात घातलं. जर्मन नर्स “श्वास धरा” म्हणायची आणि “सोडा” म्हणायला विसरायची. आत मार लागल्याचं काही निघालं नाही. संध्याकाळी दोघं धक्क्यावर बसून पावात घातलेला खारा हेरिंग मासा खात होते. एका समुद्रपक्ष्याने रूलोफच्या हातातला पाव पळवला आणि हा शिकलेला माणूस त्या पक्ष्याला जर्मनमधून शिव्या द्यायला लागला, कारण पक्षी जर्मन होता. हिल्केला हसून हसून पोटात कळा येत होत्या. तो तिचं पोट दाबून धरत म्हणाला, “मेली असतीस तू. मी काय केलं असतं?” तिने जन्मभर जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. आणि फ्लॅटचा फोन आला तेव्हा त्या सुट्टीला अकरा वर्षं झाली होती. फोनवरच्या मुलीने अकरा म्हटल्यापासून तिने हा हिशेब कितीदा केला असेल. त्या उन्हाळ्याच्या आधी नाव घातलं, की नंतर? पाव खाताना त्याच्या मनात यादी होती का? एम्डेनच्या त्या चित्रात तिचं यकृत होतं, कदाचित ठिपका होता, कदाचित नव्हता. पण त्या चित्रापाशी जायचं तर त्या दिवसापाशी जावं लागलं असतं, आणि तो दिवस खरा होता की नव्हता याचीही तपासणी झाली असती. मग एकदम दोन निकाल आले असते.

रूलोफला तो स्कॅन आठवत असेल का, हा प्रश्न ती दुसऱ्या बाजूने सोडवी. आठवत असता तर बोलला असता. शेजारीच तर बसला होता. पुरुषांना असलं लक्षात राहत नाही. आता हा पुरुष तीस वर्षांपूर्वीच्या पुराच्या वेळी कालव्याच्या कुठल्या दरवाजापाशी किती पाणी होतं ते झोपेत सांगणारा होता, पण हिल्केने तिकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

त्या आठवड्यात ती आजारपणानंतर पहिल्यांदा पोहण्याच्या तलावावर गेली. कामावर नाही, नुसती बघायला. पोहण्याच्या डिप्लोमाची परीक्षा होती. चुकून कालव्यात पडलं तरी तरता यावं म्हणून पोरं कपड्यांसकट, बुटांसकट पाण्यात उतरली होती, आणि काठावर आईबाप फोन वर धरून उभे होते. तिची सोबतीण वीपके लांब काठी घेऊन कडेने चालत होती. एक मुलगी मध्येच थांबली. काठीला धरायची नाही, बुडायचीही नाही, आहे तिथेच हातपाय मारत, तोंड वर करून. “अगं, एकतर पुढे ये नाहीतर काठी धर!” वीपके ओरडली. “मध्येच काय संसार थाटतेस?” आईबाप हसले. हिल्के बाहेर निघून आली आणि आडोशाला उभं राहून तिने दवाखान्याचा नंबर लावला. कर्करोग विभागातली नर्स मिर्यम तिला आवाजावरून ओळखायची. “बोला हिल्के! काय म्हणता?” हिल्के म्हणाली, बरगडीसाठी ती गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची? मिर्यमने सांगितलं. आणखी काही? नाही, एवढंच. हिल्केने फोन ठेवला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिला स्वतःचीच किळस आली.

रविवारी तिचा वाढदिवस होता. गेल्या वर्षी केमोपायी राहून गेला होता, म्हणून या वेळी करायचाच असं आल्त्येने महिनाभर आधी जाहीर करून टाकलं होतं. घरातल्या सगळ्या खुर्च्या, शेजारणीच्या चार आणि बागेतल्या दोन, अशा गोल मांडल्या. येल्टे डेल्फ्टहून आला. येणारा प्रत्येक माणूस आधी हिल्केच्या गालांवर तीन मुके घेई, आणि मग रिवाजाप्रमाणे सगळं रिंगण फिरून प्रत्येकाचं अभिनंदन करी. रूलोफचं बायकोबद्दल, येल्टेचं आईबद्दल, आल्त्येचं सुनेबद्दल, वीपकेचं मैत्रिणीबद्दल. जन्मली हिल्के, पण त्यात रिंगणातल्या सगळ्यांचाच हात असल्यासारखे सगळे “आभारी आहे, तुमचंही अभिनंदन” म्हणत होते. एरवी तिला याचं हसू येई. आज प्रत्येक वेळी “अभिनंदन रूलोफ, बायकोबद्दल” ऐकू आलं की ती केकच्या सुरीकडे बघे.

“आणि नुसत्या बायकोबद्दल नाही,” समोरचा म्हातारा शेजारी रूलोफचा हात न सोडता म्हणाला. “तू जे केलंस ना वर्षभर, त्याबद्दल. माझा जावई असता तर पळून गेला असता.”

“बाबा भारीच आहे,” येल्टे म्हणाला, आणि लाजून केक खायला लागला.

रूलोफ मान खाली घालून म्हणाला, “त्यात काय.”

मग वीपकेने विचारलं, स्कॅनचं काय झालं? हिल्केने सांगितलं, ठिपका आहे, कशाचा ते कळत नाही, फेब्रुवारीपर्यंत थांबायचं. जुनं चित्र असतं तर ताडून बघता आलं असतं, पण नाही. हे शेवटचं वाक्य तिने का उच्चारलं ते तिचं तिलाच कळलं नाही. न सांगता भागलं असतं.

“नाही कसं?” आल्त्ये म्हणाली. म्हातारी ऐंशी पार केलेली, ऐकायला कमी आणि बोलायला जास्त. “बोर्कुमला आपटलीस तेव्हा त्या बोगद्यात घातलं होतं ना तुला? मी येल्टेला घेऊन बाकावर बसले होते की दोन तास! पोराने माझ्या कोटावर आइस्क्रीम सांडलं. ते जर्मन लोक काही फेकून देत नाहीत, मागवून घ्या त्यांच्याकडून. रूलोफ, तू नाही सांगितलंस डॉक्टरला? तू तर तिथेच होतास.”

“अरे हो की,” हिल्के म्हणाली. “माझ्या अगदी डोक्यातूनच गेलं.”

सगळ्यांनी सुटकेचे आवाज काढले. चला, बरं झालं, आजींची आठवण बघा! हिल्केने रूलोफकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटायला हवं होतं. त्याने कपाळावर हात मारायला हवा होता. तो मांडीवरच्या बशीतला चुरा बोटाने एका बाजूला गोळा करत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

कॉफीचे कप उचलायच्या निमित्ताने ती स्वयंपाकघरात गेली. तो मागून आला आणि दार लोटून घेतलं. तिने नळ सोडला. बाहेर आल्त्ये कुणाला तरी आइस्क्रीमची गोष्ट पुन्हा सांगत होती.

“तुला आठवत होतं,” हिल्के म्हणाली.

“हो.”

“तिथे बसल्या बसल्या आठवत होतं?”

“हो. तू नाही म्हणालीस ना, मग मी... मला वाटलं, तुला कळून घ्यायचं नसेल. तुझं शरीर आहे, तू ठरवणार. मी मध्ये कशाला पडू?”

किती सभ्य उत्तर होतं! तिला ते घेऊन टाकावंसं वाटलं. घेतलं असतं तर दोघंही बाहेर जाऊन चीज आणि मोहरीची चटणी फिरवायला लागले असते.

“खरं सांग रूलोफ.”

तो कप पुसत राहिला. कोरडा झालेला कप पुन्हा पुसला.

“चांगलं निघालं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं,” तो शेवटी म्हणाला. “वाईट निघालं असतं तर काही करताच आलं नसतं. दोन्ही नको वाटलं. तू नाही म्हणालीस आणि मला बरं वाटलं हिल्के. माफ कर. मी फार नीच माणूस आहे.”

“मी का नाही म्हणाले, ते विचार.”

तिने नळ बंद केला आणि स्वतःच सांगितलं. फ्लॅटचा फोन आधी तिने घेतला होता. बाल्कनीवाला. खोपटातलं बोलणंही ऐकलं होतं. “चांगलं निघालं की तू जाणार, म्हणून मी नाही म्हणाले. मला ठिपकाच हवा होता. कळलं? वर्षभर मला वाटतंय, या माणसाने माझ्यापायी आपलं घर सोडलं, अकरा वर्षांचा नंबर सोडला, आणि मी त्याच्याकडून बाटल्या रिकाम्या करून घेतेय. उद्या मी दवाखान्यात फोन करते. एम्डेनचं सांगते. आणि तूही परत नाव घाल यादीत. माझ्यासाठी थांबू नकोस.”

रूलोफचा चेहरा बोटीच्या डेकवर झाला होता तसा झाला. त्याने कप खाली ठेवला.

“नाव मी काढलंच नव्हतं,” तो म्हणाला. “तो एक फ्लॅट सोडला फक्त. नंबर राहतो.”

बाहेर सगळे हसले. आल्त्येची गोष्ट संपली असावी. हिल्केला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. ज्या त्यागाखाली ती वर्षभर वाकून चालत होती, तो त्याग नव्हता, रजा होती. तरी खिडक्यांच्या फटी त्याने बुजवल्या होत्या, ते खोटं नव्हतं. जखम त्यानेच बघितली होती. दोन्ही खरं होतं, आणि त्याचं काय करायचं ते तिला समजेना.

“आणि कधी घातलं होतंस नाव? बोर्कुमच्या आधी की नंतर?”

“आधी,” तो लगेच म्हणाला. मग म्हणाला, “नाही. नंतर. पानगळीत. कचेरीतले सगळेच घालत होते, म्हणून घातलं.”

तिने चीजची बशी उचलली आणि बाहेर गेली. उरलेली दुपार तिने सगळ्यांना वाढलं, मेणबत्त्या विझवल्या, गाणं म्हणून घेतलं. येल्टेने निघताना तिला घट्ट मिठी मारली, चुकून डाव्या बाजूने, आणि “सॉरी, सॉरी” म्हणाला. दुखलं नव्हतं.

सोमवारी सकाळी रूलोफ कचेरीत जायला निघाला होता. ओसरीत उभं राहून तो विजारीला सायकलची चिमटी लावत होता, तेव्हा हिल्केने फोन लावला. मिर्यमच होती. हिल्केने सांगितलं, बारा वर्षांपूर्वी, एम्डेन, पोटाचा स्कॅन, तिकडून मागवता येईल का? मिर्यम म्हणाली, वा, हे तर सोन्यासारखं आहे, दोन-चार दिवसांत येईल. “त्या दिवशी आठवलं नाही वाटतं?”

“आठवलं होतं,” हिल्के म्हणाली. “सांगितलं नाही मी.”

“बरं,” मिर्यम म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. “मग शुक्रवारी निकाल सांगायला बोलावते तुम्हाला. मिस्टर असतीलच बरोबर, हो ना? दोघांची नावं घालते.”

रूलोफने वर पाहिलं. फोनमधलं सगळं त्याला ऐकू येत होतं. तोंड अर्धवट उघडून तो हिल्केकडे बघत राहिला, ती काय म्हणते त्याची वाट बघत. ती हो म्हणाली असती तर तो आला असता. पर्स मांडीवर घेऊन बसला असता. निकाल काहीही असता तरी कुठलातरी सभ्य प्रश्न त्याने विचारला असता, आणि वाऱ्याच्या बाजूने तिला घरी आणलं असतं.

“नको,” हिल्के म्हणाली. “एकटीच येईन मी.”

त्याने श्वास सोडला. मोठा, अगदी पोटापासूनचा, त्याच्याही नकळत. मग भानावर येऊन “हिल्के, मी येतो ना,” असं म्हणायला लागला, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तो श्वास तिने ऐकला होता. वर्षभरात पहिल्यांदाच तिला अपराधी वाटलं नाही. राग आला, चांगला सणसणीत राग, शुक्रवारी काहीही निघालं तरी पुरेल एवढा. फोनमधून मिर्यम म्हणत होती, सकाळी लवकर चालेल का? चालेल, हिल्के म्हणाली, आणि वेळ नीट विचारून घेतली.